शेतबंदरच्या मावशींना

मावशी, नमस्कार.

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. पण घारापुरीला, म्हणजे एलिफंटा बेटावरच्या तुमच्या शेतबंदर गावाला, जाणाऱ्यांपैकी कुणी हे तुम्हाला वाचून दाखवलं, तर ओळख पटेल: गेटवेहून येताना बोटीत बाजाराच्या पिशव्या सांभाळत बसलेल्या तुम्ही, आणि शेजारच्या बाकावर गुडघे चोळणारे आमचे बाबा.

बेटावर आलेला माणूस सहसा धक्क्यावर उतरतो, टोप्या-माळांच्या दुकानांमधून शंभराहून जास्त पायऱ्या चढतो, सदाशिवाच्या मूर्तीसमोर फोटो काढतो आणि परतीची बोट धरतो. आम्हाला त्यापुढे डोंगरावर भटकायचं होतं, पण बाबांना कुठे बसवायचं हा प्रश्न होता. तुम्ही तो बोटीतच सोडवलात. "त्यांना राहू द्या माझ्या ओटीवर, मी हाय. तुम्ही या फिरून." अनोळखी माणसाला असं कोण म्हणतं हो?

वर भाच्याला सोबत दिलंत. काठीही दिलीत, माकडांसाठी. आणि बजावलंत की खाण्याची पिशवी हातात दिसू द्यायची नाही. लेण्यांपाशी पोचल्यावर त्या सूचनेची किंमत कळली.

तोफांच्या टेकडीवर भाच्यानं समोरचं सगळं ओळखून दाखवलं. न्हावा-शेव्याच्या क्रेन, तेलाच्या टाक्यांचं बुचर बेट, अटल सेतू. मग तो आम्हाला पूर्वेच्या डोंगरावर, विटांच्या बौद्ध स्तूपाकडे घेऊन गेला. लेण्यांहून कितीतरी जुना, पण आता पाहिलं तर गवत वाढलेला उंचवटा. वाटेत माणूस म्हणून कुणी भेटलं नाही. खाली लेण्यांत मात्र त्या वेळी पाय ठेवायला जागा नसेल. १९८७ साली जागतिक वारशाच्या यादीत लेणी गेली, हा डोंगर आणि खालची तीन गावं लोकांच्या यादीत अजून आलेलीच नाहीत, असं मला तरी वाटलं.

परत आलो तर बाबा पाटावर बसून कोळंबी सोलत होते. घरी ते साधा लसूण सोलत नाहीत! तुम्ही त्यांना उधाण आणि भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर वाढतो आणि मंदावतो ते दिवस, समजावून सांगत होतात, भांगाला पाण्याला ओढ नसते म्हणून जाळ्यात काय येणार, असं. चिंबोरी, म्हणजे खेकडा, अमावास्येला भरलेली, पुनवेला पोकळ, हेही. बाबा आता मासळी घेताना आईला आधी तिथी विचारतात.

आणि ते जेवण. तांदळाची गरम भाकरी, कोळंबीचं कालवण, रव्यात घोळवलेले बोंबील, कांद्यावर परतलेला जवळा, वर सोलकढी. मुंबईत मोठमोठ्या हॉटेलांत बोंबील खाल्लेत, बहुतेक ठिकाणी तो दाबून, सुकवून पापड केलेला असतो. तुमचा आतून लोण्यासारखा होता. कालवणात नारळ जवळजवळ नव्हताच, सगळी चव घरच्या मसाल्याची. मी कृती विचारली तर म्हणालात, "मासा ताजा घे, बाकी काय नाय." २०१८ मध्ये समुद्राखालून केबल टाकून बेटावर वीज आली, तेव्हा घरात फ्रीज आला, पण पाहुण्याच्या ताटात कालची मासळी जाणार नाही, हा नियम तुम्ही बदलला नाहीत.

खाडीत पूर्वीसारखी मासळी राहिली नाही, बंदरं वाढली आणि जाळी रिकामी येऊ लागली, हे तुम्ही तक्रारीच्या सुरात नाही, हिशेब सांगावा तसं सांगितलंत. त्यानंतर ताटात आणखी एक बोंबील वाढलात, तेव्हा नाही म्हणायला तोंड झालं नाही.

पैसे देताना तुम्ही बाबांचं ताट धरलंच नाहीत. "ते कामाला होते," म्हणालात. मावशी, त्यांनी सोललेली कोळंबी त्यांनीच जास्त खाल्ली, हे तुम्हालाही माहीत आहे. म्हणून ते पैसे मी भाच्याकडे दिलेत, रागावू नका.

बाबांना आता अमावास्येच्या सुमारास यायचंय, चिंबोऱ्यांसाठी. सोमवारी लेणी बंद असतात हे सांगितलं, तर म्हणाले, लेणी कुणाला बघायचीत?

तुमची,
बोटीतल्या आजोबांची लेक