येणाऱ्या पाण्याविषयी

भुसावळ,
ज्येष्ठ वद्य पंचमी

चि. वैशाली हिस अनेक आशीर्वाद.

औषधांच्या कारखान्यात पाण्याच्या विभागात तू रुजू झालीस, हे तुझ्या आईने साऱ्या गल्लीला सांगून झाले आहे. तुझ्या पत्रात आरओचे (दाबाने पाणी बारीक पडद्यातून नेऊन क्षार अडवणारे यंत्र) आणि ईडीआयचे (उरलेले क्षार विजेच्या साहाय्याने काढणारे यंत्र) वर्णन भरपूर आहे. कारखान्यात येणाऱ्या कच्च्या पाण्याबद्दल मात्र एवढेच, की 'ते पिण्याचेच असते'. त्या एका वाक्यापायी हे लिहितो आहे.

आयएस 10500 या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, पण दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंतही चालवून घेतात. आजोळच्या विहिरीचे पाणी आपण सारेच पीत होतो, तरी त्यात तुरीची डाळ शिजत नसे आणि आजी वरणासाठी नदीचा हंडा वेगळा ठेवी, हे तू पाहिले आहेस. डाळ अडवणारे तेच कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पुढे आरओच्या मेम्ब्रेनवर, म्हणजे त्या पडद्यावर, पुट धरते. म्हणून सॉफ्टनरनंतरच्या, म्हणजे ते दोन्ही काढून घेणाऱ्या टाकीनंतरच्या, नमुन्यात बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हे तपासणीचे रंगद्रव्य घातल्यावर रंग थेट निळाच यायला हवा. जरा जरी लालसर झाक दिसली, तरी टायमरची वाट न पाहता सॉफ्टनरमधल्या रेझिनच्या मण्यांना मिठाचे पाणी देऊन पुन्हा ताजे करावे.

क्लोरीनचे प्रकरण अधिक नाजूक आहे. साठवणीच्या टाकीत जंतू वाढू नयेत म्हणून आपणच हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीन देणारे द्रावण) घालतो, आणि तोच क्लोरीन आरओच्या पॉलिअमाइड मेम्ब्रेनला कुरतडतो, त्यामुळे आरओच्या अलीकडे क्लोरीन मारणारे बायसल्फाइट देऊन किंवा कार्बन फिल्टरमधून नेऊन तो काढावा लागतो. माझ्या नोकरीत एका रात्रपाळीला बायसल्फाइटची टाकी रिकामी झाली. डोसिंग पंप टकटक करीत होता, म्हणून डोस जातो आहे असे मी धरून चाललो आणि टाकीत डोकावलो नाही. दुसऱ्या दिवशी काहीच दिसले नाही. पुढे काही आठवड्यांत आरओनंतरची कंडक्टिव्हिटी (पाण्यात किती क्षार आहेत ते सांगणारी विद्युतवाहकता) हळूहळू चढत गेली, तेव्हा मेम्ब्रेन बदलण्यावाचून उपाय उरला नव्हता. कार्बन फिल्टरवर भिस्त ठेवशील, तर त्याच्या पुढचे पाणी निराधार असते हे ध्यानात घे. क्लोरीन गेला की त्याच कार्बनच्या थरात जंतू घर करतात, म्हणून ठरलेल्या दिवशी 80 अंशांच्या गरम पाण्याने सॅनिटायझेशन चुकवू नये.

आता मृग लागला आहे. तापीला पहिले गढूळ पाणी आले की पालिका तुरटी आणि क्लोरीन वाढवते, तसेच तुमच्याकडेही होईल. सँड फिल्टरचा दाब लवकर चढेल आणि बायसल्फाइटचा उन्हाळ्यातला डोस अपुरा पडेल. पहिल्या पावसानंतरच्या आठवड्यात रोज सकाळचा गढूळपणा, हार्डनेस (कॅल्शियम-मॅग्नेशियम) आणि क्लोरीन वेगळ्या वहीत उतरवून मला कळव. केळीचे वेफर पार्सलने पाठवले आहेत.

तुझे,
बाबा