त्या शाळेचं बाथरूम पाहिलंस का?

प्रिय बाळी,

काल तू फोन ठेवलास, त्यानंतर बराच वेळ मी तशीच बसून होते. "आई, आपण शाळा बघतोय की संडास?" असं तू म्हणालीस ते लागलं मला. पण तेच तेच मी तीनदा विचारलं होतं, तेही खरं. या पत्रात तो विषय काढायचा नाही, असं ठरवूनच लिहायला घेतलंय.

तुझ्या पिल्लूसाठी तू दोन्ही शाळा नीट बघितल्यास. वर्गात जाऊन बसलीस, मुलं मोजलीस, बाई फळ्याकडे बघून बोलतात की मुलांकडे, हेसुद्धा टिपलंस. मला फार अभिमान वाटला. तुझ्या वेळी मी एकदाच गेले होते, तेही अर्ज आणायला. मोठ्या बाईंच्या खोलीत बसले, कपाटातल्या ढाली पाहिल्या, भिंतीवरची सुंदर अक्षरं पाहिली आणि पायऱ्या उतरून परत आले. मागच्या अंगाला काय आहे, हे बघायचं माझ्या मनातही आलं नाही.

पहिल्या शाळेत वर्गात १७ मुलं आणि दुसऱ्या शाळेत ३८, असं तू म्हणालीस. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५पासून चार वर्षं एक मोठा प्रयोग झाला होता, दादाने मला त्याबद्दल सांगितलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलं वाटून काहींना १३ ते १७ जणांच्या वर्गात बसवलं, काहींना २२ ते २५ जणांच्या. छोट्या वर्गातली मुलं वाचनात आणि गणितात पुढे गेली. असेल. माझं म्हणणं वेगळं आहे. १७ मुलं असली की कोण चुळबुळतंय, कोण पाय आवळून बसलंय, हे बाईंना दिसतं. ३८ मुलांत तू दिसली नव्हतीस.

आलेच बघ पुन्हा तिथेच.

मग आता लिहूनच टाकते. तुला त्यातलं किती आठवतं, हे मी कधी विचारलेलं नाही. तुझा हात तेव्हा डोक्यावरून पलीकडच्या कानाला जेमतेम पुरत होता. पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत यायची. मला वाटायचं, तू खेळण्याच्या नादात विसरतेस, म्हणून मी रागवायची. पाणी प्यायलं की शू लागते, शू लागली की विचारावं लागतं आणि विचारलं की "मधल्या सुट्टीत काय करत होतीस?" असं सगळ्यांसमोर ऐकावं लागतं, हे सगळं तू सहाव्या वर्षी एकटीने जुळवलं होतंस. सुट्टीत जावं तर दाराची कडी तुझ्या हाताला यायची नाही. मग एक दिवस तू ओल्या स्कर्टवर शाळा सुटेपर्यंत बसलीस. घरी आलीस आणि मी आधी ओरडले. कारण मागून विचारलं. त्यानंतर तो ताप आला, लघवीची तपासणी झाली, आणि डॉक्टरांनी विचारलं, "ही दिवसभरात पाणी किती पिते?" मला सांगता आलं नाही.

तुझ्या बाबांनी तेव्हा मला एका शब्दानेही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

तर ऐक. सहा वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात २०० ते २४० मिलिलिटरच मावतं, एक पेलाभर. फार वेळ दाबून ठेवायची सवय लागली की जंतुसंसर्ग होतो, पोट साफ होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने शाळांसाठी प्रमाण घालून दिलंय: २५ मुलींमागे एक संडास, ५० मुलग्यांमागे एक संडास आणि एक मुतारी. पण नुसता आकडा विचारून येऊ नकोस. कडी कुठे आहे बघ, आतून लावलेली कडी पिल्लूच्या बोटांनी निघते का बघ. नळाला त्याचा हात पोचतो का बघ. साबण सकाळी सगळीकडे असतो, तो मधल्या सुट्टीनंतर उरतो का ते बघ. म्हणून जायचं तर साध्या दिवशी जा, पालकांना बोलावतात त्या सजवलेल्या दिवशी नको. आणि बाईंना सरळ विचार, "तास चालू असताना मुलाला शू लागली तर?" उत्तर द्यायला त्या थांबल्या किंवा त्यांनी नियम सांगायला सुरुवात केली, तर...

झालं, शिकवायला लागले मी तुला. माफ कर. तुला सगळं कळतं, आणि शाळाही आता तेव्हासारख्या राहिल्या नसतील, हे तुझं म्हणणं खरं असेल. भिंतीवर सगळी फुलं एकसारखी लाल होती म्हणून दुसरी शाळा तुला खटकली, हे मला कधी सुचलं नसतं. पिल्लू आपली फुलं निळीच काढणार, आणि तशी काढू देणारी शाळा तू शोधशील.

फक्त तो तुझ्यासारखा आहे गं. मागत नाही. आमच्याकडे राहिला होता तेव्हा तहान लागली तरी माठाशी जाऊन नुसता उभा राहायचा, कोणीतरी विचारेल म्हणून. तुला ते गोड वाटतं, मलाही वाटतं, आणि रात्री झोप येत नाही.

गुरुवारी तिसरी शाळा बघायला जाशील तेव्हा त्यालाही बरोबर ने. तुम्ही बोलत असताना त्याला तिथे एकदा जाऊन येऊ दे, तू दाराबाहेर थांब. निळी बाटली भरून दे. आल्यावर फोन कर. मी त्याबद्दल काही विचारणार नाही, तूच सांग.

तुझी,
आई