चीनच्या राजवाड्यातली मुंबई

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीत चीनच्या सहलींवर आलेला लेख वाचला. व्हिसा, बुलेट ट्रेन, शांघायचे रात्रीचे दिवे, शाकाहारी माणसाने तिकडे काय खावं, सगळं होतं. बीजिंगच्या राजवाड्याला मात्र जेमतेम एक ओळ, आणि तीही 'भव्यदिव्य' म्हणून उरकलेली. मी गोदीतून निवृत्त झालेला टॅली क्लार्क, इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. पण चीनच्या बादशाहीच्या पडझडीत आपल्या मुंबईचा जो हात होता, तो सहलीला निघालेल्या मराठी माणसाला कुणीच सांगत नाही, म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबलं आहे. कात्री आपल्या हातात आहेच.

चीनच्या बादशहांशी माझी ओळख सिनेमाने करून दिली. बेर्तोलुचीचा 'द लास्ट एम्परर' १९८७चा. त्याला नऊ ऑस्कर मिळाल्याचं पेपरात वाचलं होतं, त्यामुळे इकडे लागल्यावर गोदीतली आम्ही काही मंडळी फोर्टात जाऊन पाहून आलो. त्यातला एक प्रसंग पाहिलेला माणूस विसरत नाही. पिवळा पडदा वाऱ्याने फुगतो, तीन वर्षांचंही न झालेलं पोर त्याखालून बाहेर पळतं आणि समोरचं अख्खं पटांगण त्याच्यापुढे डोकं टेकवून बसलेलं. खरा राज्याभिषेक डिसेंबर १९०८ मधला. हे पोर म्हणजे पुयी, चीनचा शेवटचा बादशहा. त्याने पुढे आत्मचरित्रात लिहिलं आहे की थंडीने आणि भीतीने तो रडत होता, आणि सिंहासनाशी गुडघे टेकून बसलेले वडील 'रडू नकोस, आत्ता संपेल' म्हणून त्याला समजावत होते. 'संपेल' हा शब्द दरबाऱ्यांना अपशकुनी वाटला. फेब्रुवारी १९१२ मध्ये बादशाही संपली.

सिनेमा थोडा जपूनच पाहावा. बादशहापासून खोजांपर्यंत सगळे इंग्रजी बोलतात, ते एक वेळ चालेल. पण पुयी त्यात फार बापडा दाखवला आहे. मांचुरियात जपान्यांच्या हातचं बाहुलं होऊन हा माणूस १९३२ ते १९४५ तिथे प्रमुखपदी बसला होता, १९३४ पासून बादशहा म्हणून, आणि त्या काळात तिथल्या लोकांचं काय झालं ते पडद्यावर ओझरतंच येतं. आत्मचरित्रही कैदेत, पहारेकऱ्यांच्या नजरेखाली लिहायला घेतलेलं, तेव्हा त्यालाही चाळणी लावायला हवी. एका गोष्टीसाठी मात्र त्या दिग्दर्शकाला मानलं. खऱ्या राजवाड्यात चित्रीकरण करायची परवानगी मिळालेला हा पहिला परदेशी कथापट. त्यामुळे पुढे आयुष्यात कधी तिथे पाय ठेवलाच, तर जागा ओळखीच्या निघतात.

घरी सूनबाई चिनी मालिका बघते. जनानखाना, कारस्थानं, केसांत किलोभर दागिने. एकदा तिने विचारलं, "बाबा, हा छियेनलुंग बादशहा नक्की कधीचा?" सन सांगून काही डोक्यात बसत नाही, म्हणून मी आपला हिशेब सांगितला. छियेनलुंग १७३५ला गादीवर आला आणि १७९६ला उतरला. म्हणजे थोरले बाजीराव हयात असताना सुरुवात, मधे पानिपत, आणि सवाई माधवराव गेल्यावर शेवट. आपले एवढे पेशवे होऊन गेले, तिकडे एकच माणूस. त्याचा आजा खांगशी १६६१ ते १७२२. रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हा हा वीस वर्षांचा होता, आणि चीनच्या दक्षिणेतल्या सरदारांचं बंड निस्तरत होता. हे कोष्टक सहल कंपन्यांनी माहितीपत्रकात छापलं तर मराठी प्रवाशाला गाईडचं निम्मं बोलणं आपोआप समजेल.

आता आमची सहल. कंपनीचं नाव घेत नाही, कारण बहुतेकांचा कार्यक्रम असाच असतो. दक्षिणेच्या दरवाजातून आत, टूर मॅनेजरची छत्री पुढे, आम्ही मागे, सरळ रेषेत चालत उत्तरेच्या दरवाजातून बाहेर. सहाशे वर्षांपूर्वी, १४२० साली बांधून झालेला, मिंग आणि छिंग या दोन राजघराण्यांचे मिळून चोवीस बादशहा जिथे नांदले तो वाडा आम्ही दीड तासात ओलांडला. त्यानंतर हिरव्या जेड दगडाच्या दुकानात मात्र भरपूर वेळ! मला फक्त एका ठिकाणी मनासारखं थांबता आलं. मोठ्या दालनांच्या बाजूला आग विझवायच्या पाण्यासाठी ठेवलेले प्रचंड रांजण आहेत, तांब्याचे, वरून सोन्याचा मुलामा दिलेले. जवळ जाऊन पाहा. मुलामा खरवडून काढलाय, धातूवर आडवेतिडवे ओरखडे अजून दिसतात. १९०० साली आठ देशांच्या फौजा बीजिंगात शिरल्या तेव्हा सैनिकांनी संगिनींनी सोनं खरडलं, असं गाईड सांगतात. आमच्या गाईडने 'परकी सैनिक' म्हटलं आणि तो पुढे गेला. त्या परकी सैन्यात आपले लोक होते, हे त्याने सौजन्याने टाळलं की त्याला ठाऊक नव्हतं, कोण जाणे.

आपले म्हणजे रजपूत, शीख, पंजाबी पलटणी. ब्रिटिशांच्या तुकडीत बहुतेक भरणा हिंदी शिपायांचाच. १४ ऑगस्ट १९०० रोजी, परदेश्यांविरुद्ध उठलेल्या बॉक्सर बंडखोरांच्या वेढ्यात अडकलेल्या परदेशी वकिलातींपर्यंत सगळ्यांत आधी पोचले ते हेच. दुसऱ्या दिवशी पहाटे राजमाता त्सशी वेश बदलून पळाली.

कार्यक्रमातला एक मोकळा दिवस बाकीच्यांनी बाजारात घालवला. मी आणि आमची ही परत राजवाड्यात गेलो, मुलाने मुंबईतून ऑनलाइन तिकिटं काढून ठेवली होती. या खेपेला पूर्वेकडच्या भागात शिरलो. त्याचं वेगळं तिकीट असतं, गर्दी कमी. तिथे एका लहानशा चौकात एक विहीर आहे. पळण्यापूर्वी त्सशीने तेव्हाच्या बादशहाच्या लाडक्या चेन राणीला हिच्यात ढकलायला लावलं, असं सांगतात. विहिरीचं तोंड इतकं अरुंद की बायको म्हणाली, "अहो, हिच्यातून कळशी तरी उतरेल का?" तोंडावर बसवलेला दगड नंतरचा, एवढं तिला पटवलं. पुढे जिथे तिथे मी उंबरठेच बघत होतो. पुयीला सायकलचा नाद लागला तेव्हा त्याने पिढ्यान् पिढ्यांचे उंबरठे करवतीने कापायला लावले होते. आपल्याकडे एखाद्या राजाने असं केलं असतं तर घरातल्या म्हाताऱ्यांनी अन्न सोडलं असतं.

तिथून मेट्रोने युआनमिंगयुआनला गेलो, जुन्या बादशाही बागेत. सहलवाले उन्हाळी राजवाडा दाखवतात, ती त्सशीची संगमरवरी नौका दाखवतात, पण ही बाग नाही. दोन्हींमध्ये चार नंबरच्या मेट्रोची जेमतेम दोन स्टेशनं. बागेत आता आहेत पडलेले दगड. छियेनलुंगच्या पदरी असलेल्या जेझुइट पाद्र्यांनी युरोपीय धाटणीचे महाल आणि कारंजी उभारली होती, त्यांचे खांब तेवढे उरलेत. बाकी लाकडाचं होतं, जळून गेलं. ऑक्टोबर १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी आधी बाग लुटली, मग कैद्यांच्या हालांचा सूड म्हणून इंग्रजांचा वकील लॉर्ड एल्गिन याने ती पेटवायचा हुकूम दिला. कैद्यांत हिंदी स्वार होते आणि पेटवणाऱ्या सैन्यात पंजाबी पलटणीही. कारंज्यावरची बारा प्राण्यांची काशाची मुंडकी तेव्हा परागंदा झाली, त्यांतली काहीच परत आली आहेत. जॅकी चॅनने २०१२ साली या मुंडक्यांवर मारधाडपट काढला होता. माझ्या नातवाने तो पाहिलेला, त्यामुळे फोनवर त्याच्याशी बोलायला आम्हाला विषय मिळाला.

आता मुंबई. १८६०चं हे दुसरं अफूयुद्ध ज्याचं शेपूट होतं ते पहिलं अफूयुद्ध, १८३९ ते १८४२. त्या आधीची कित्येक वर्षं माळव्याची अफू मुंबई बंदरातून दक्षिण चीनमधल्या कँटन बंदराला जात होती. सर जमशेटजी जीजीभॉय तरुणपणी स्वतः अनेकदा चीनला जाऊन आलेले; कापूस आणि अफू या दोन मालांवर त्यांची पेढी वाढली आणि त्या पैशातून जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. माझी दोन्ही मुलं तिथलीच, तेव्हा त्यांच्या दानाबद्दल मी ब्र काढणार नाही. पण पैसा कुठून आला हे माहीत असायला काय हरकत आहे? बादशहाचा अधिकारी लिन त्सश्यू याने १८३९ मध्ये वीस हजारांवर पेट्या अफू जप्त करून नष्ट केली, त्यावरून युद्ध पेटलं. शेवटी २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला. हाँगकाँग गेलं, पाच बंदरं उघडावी लागली. या सह्या झाल्या 'कॉर्नवॉलिस' या युद्धनौकेवर, आणि ही 'कॉर्नवॉलिस' आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानाची बांधलेली, १८१३ साली पाण्यात सोडलेली. लायन गेटच्या आत ती गोदी आजही आहे. गोदीत उभा जन्म काढून मला हे निवृत्तीनंतर वाचनालयात कळलं. या युद्धावर शिए जिन या दिग्दर्शकाचा १९९७चा चिनी चित्रपट आहे. एकांगी आहे, पण चिनी माणूस या तहाकडे कसा बघतो ते त्यात दिसतं.

तेव्हा दोन विनंत्या. पहिली मुंबईच्या सहल कंपन्यांना. जेडचं दुकान वगळा आणि त्या वेळात युआनमिंगयुआन दाखवा, वेगळी बस लागत नाही. दुसरी आपल्याला. पुरवणीत चीनवर पुढचा लेख येईल तेव्हा त्यात मुंबईचा हा धागा एखाद्या जाणकाराकडून लिहून घ्यावा.

आणि ज्यांना चीनला जाणं जमणार नाही त्यांनी निदान छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं चिनी दालन बघावं. टाटा बंधूंनी जमवलेली छिंगकालीन भांडी आणि जेडच्या वस्तू तिथे आहेत, आणि रविवारीसुद्धा त्या दालनात निवांतपणे उभं राहता येतं. आमच्या माझगावात नवाब टँकजवळ चिनी खलाशांनी १९१९ साली स्थापलेलं क्वान कुंगचं देऊळ आहे, एका साध्या दुमजली घराच्या माडीवर. हा क्वान कुंग म्हणजे तिसऱ्या शतकाच्या उंबरठ्यावरचा एक सेनापती. पुढच्या बादशहांनी त्याला पदव्या देत देत देव केला. जॉन वूच्या 'रेड क्लिफ'मध्ये तो भेटतो, लांब दाढीवाला. देवळाचा दरवाजा बंद दिसला तर शेजारी विचारावं, किल्ली जवळपासच असते.

जाणाऱ्यांसाठी एक शेवटचं. बीजिंगचा राजवाडा सोमवारी बंद असतो, रोजच्या प्रवेशाला मर्यादा आहे, आणि तिकीट आधीच पासपोर्ट क्रमांकावर काढावं लागतं. आमच्या गटातल्या एका जोडप्याचा क्रमांक कंपनीने चुकीचा भरला होता. ते दोघं दिवसभर बाहेर खंदकाकाठी बसून राहिले.

आपला,
एक निवृत्त गोदी कर्मचारी
माझगाव, मुंबई