परदेशात शिकून आलेल्या मुलीची अकरावी कुठली?

महोदय,

दहावीनंतर माझी मुलगी विद्यार्थी देवाणघेवाण योजनेतून अमेरिकेतल्या एका लहान गावी गेली आणि वर्षभर तिथल्या हायस्कुलात शिकून आली. अशा मुलांना घरी ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला पैसे मिळत नाहीत, देवाणघेवाणीच्या मुलांना अमेरिका जो जे-१ व्हिसा देते, त्याचा नियमच तसा आहे. हे विश्रामबागेतल्या आमच्या शेजाऱ्यांना अजून खरं वाटत नाही. फुकटात दुसऱ्याची पोर कोण सांभाळतं? त्यांनी सांभाळली. दर शनिवारी अंगणातलं गवत कापायला लावलं, हेही खरं.

जाताना बॅगेत दोन किलो भडंग होतं. तिथल्या आईने ते वाडग्यात घेऊन वर दूध ओतलं! एकदा लेकीने बटाट्याची भाजी केली, तर सांगलीच्या हळदीने त्यांचा पांढराशुभ्र ओटा पिवळा झाला. दोघी रात्री अकरापर्यंत लिंबू घासत बसल्या होत्या. त्या रात्रीपासून ती त्यांना 'मॉम' म्हणायला लागली.

अडचण आली ती इथे. कॉलेजच्या खिडकीवर कारकुनाने अमेरिकन गुणपत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "यात मराठीचे मार्क कुठंयत?" तीन हेलपाट्यांनंतर ती गुमान अकरावीत बसली. बरोबरच्या मैत्रिणी बारावीत आहेत. तिला त्याचं काही वाटत नाही, मलाच लागतं. निघण्याआधी काय विचारायचं, तिथल्या शाळेकडून कोणते कागद सही-शिक्क्यानिशी आणायचे, एवढं शिक्षण विभागाने एका पानावर मराठीत छापून शाळांना द्यावं.

– एक पालक, विश्रामबाग, सांगली