ताई, त्या रात्री लाइट बंद केला नाहीत म्हणून

प्रिय ताई,

तुमचे आभार समोरासमोर मानायचा प्रयत्न तीनदा केला आणि तिन्ही वेळा तुम्ही "आधी केबल गुंडाळ" म्हणून विषय संपवलात, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. दुसरं कारण असं की प्रयोग झाला की लोक येऊन मला मिठ्या मारतात, फोटो काढतात, माझ्याबद्दल लिहितात, आणि मागे लाइट चालवायच्या त्या बूथमध्ये कोण बसलं होतं हे कुणी विचारतसुद्धा नाही, आणि मला ते आता सहन होत नाहीये.

या पत्रात कुठे मी "आलो" असेन कुठे "आले" असेन. तेव्हा जे बोलायचो ते तेव्हाचं, आता जे बोलते ते आताचं. एकसारखं करत बसणार नाहीये.

पहिल्यांदा तुमच्याकडे आलो तो दोन स्पॉट आणि एक डिमर भाड्याने मागायला. हॉल मिळाला होता पण प्रयोगाच्या दोन दिवस आधी फोन आला की विषय कौटुंबिक नाही, बुकिंग रद्द. मग कुणाच्या तरी रिकाम्या खोलीत करू असं ठरलं होतं, पोरं खचली होती, मी सगळ्यांवर चिडत होतो. तुम्ही लाइट द्यायच्या आधी संहिता मागितलीत. मला वाटलं आता ह्या पण नाही म्हणणार. तुम्ही तिथेच स्टूलवर बसून सगळी वाचलीत, पान न पान, आणि म्हणालात, "ह्या साहेबाचा तुला राग आहे हे मला पहिल्या मिनिटात कळलं, मग उरलेली ३९ मिनिटं मी काय करू?"

मला खूप लागलं होतं ते. मी घरी जाऊन रडलो. कारण त्या ४० मिनिटांत मी माझं सगळं ओतलं होतं, शाळेपासून ऐकलेल्या शिव्या, प्रत्येक नेत्याचं प्रत्येक भाषण ज्यात आम्ही क्वीअर माणसं, म्हणजे ज्यांचं प्रेम किंवा लिंग ठरलेल्या चौकटीत बसत नाही ती, संस्कृतीवरचं संकट असतो, सगळं. आणि साहेब नावाचं पात्र म्हणजे नुसता राक्षस, आला की ओरडतो, गेला की आम्ही ओरडतो. दुसऱ्या दिवशी परत आलो तेव्हा तुम्ही लाइट काढून ठेवले होते आणि म्हणालात तालीम इथेच गोडाऊनमध्ये करा, मला पण बघायचंय. भाडं घेतलंच नाहीत. आणि एकच सांगितलंत, की त्या साहेबाला काहीतरी मनापासून हवं असू दे, तेव्हा तो माणूस होईल, आणि माणूस झाला की मगच लोक त्याला हसतील.

काय हवं असेल त्याला, हे आम्हाला आठवडाभर सापडत नव्हतं. मग तो दिवस. साहेब करणारा मुलगा आला नव्हता आणि तुम्ही प्रॉक्सी म्हणून वाचायला बसलात. आमचे नोकर, चाकर, पत्रकार सगळे कोरसमध्ये म्हणत होते साहेब आले, साहेब बसले, साहेब हसले. आणि साहेबाचं वाक्य होतं "मी आलो". तुम्ही वाचलंत "मी आले". सवयीने. तुमची जीभ तशी वळते म्हणून. आणि सगळे एकदम थांबले.

कारण ते तसंच आहे ना! आदराने पुरुषाबद्दल बोलताना "आले" आणि बाई स्वतःबद्दल बोलते तेव्हाही "आले", एकच रूप. आयुष्यभर ही भाषा बोलतोय आणि हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. साहेबाच्या मागेपुढे दिवसभर सगळे आले आले करतात, आणि तो ते ऐकून ऐकून एक दिवस आरशासमोर हळूच म्हणून बघतो, मी आले. आणि त्याला बरं वाटतं. इतकं बरं वाटतं की त्याला ते पुन्हा पुन्हा ऐकायचं असतं, म्हणून तो दौरे वाढवतो, सभा वाढवतो, उद्घाटनं वाढवतो, म्हणजे सगळे म्हणतील साहेब आले, आणि त्याच वेळी बाकीच्यांनी काय म्हणायचं यासाठी क्रियापद आयोग नेमतो. आलो की आले की आलं, प्रत्येक नागरिकाने नोंदणी करायची, एकदा ठरलं की बदलायचं नाही. हे सगळं नाटक तुमच्या त्या एका शब्दातून उभं राहिलं, आणि पोस्टरवर लेखक म्हणून माझं नाव आहे.

तुम्ही लाइट लावता लावता ज्या गोष्टी सांगायचात त्या मी रात्री लिहून ठेवायचो, ती वही अजून आहे. कॅफे चिनोची गोष्ट तर मला पाठ झालीये. न्यूयॉर्कमध्ये १९२७ साली कायदा झाला की समलैंगिकतेसारखे विषय रंगमंचावर आणले तर थिएटरला टाळं लावता येईल, आणि तो १९६७ पर्यंत तसाच होता. आणि त्याच शहरात १९५८ मध्ये जो चिनो नावाच्या माणसाने एक छोटंसं कॉफी हाऊस काढलं आणि जेमतेम ८ फुटांच्या स्टेजवर समलिंगी माणसांची नाटकं होऊ लागली, टाळं लागायची भीती असताना. तुम्हाला त्यातला जॉनी डॉड सगळ्यात आवडायचा, लाइटवाला, जो शहराच्या लाइनवरून वीज ओढून प्रयोग उजळायचा. ते सांगताना तुमचा चेहरा कसा व्हायचा हे तुम्हाला माहीत नाही, मला माहितीये. तोपर्यंत मला वाटायचं हे असलं काही आम्हीच पहिल्यांदा करतोय. आपण पहिले नाही हे कळल्यावर इतकं हलकं वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

मी छातीवरचे केस काढायला निघालो होतो, झगा घालायचा म्हणून, तेव्हा तुम्ही चार्ल्स लडलमचं सांगितलंत. रिडिक्युलस थिएट्रिकल कंपनीवाला, १९७३ मध्ये एका जुन्या प्रेमकथेतली क्षयाने मरणारी नायिका त्याने स्वतः केली, खोल गळ्याच्या गाऊनमधून छातीचे केस दिसत होते, लपवले नाहीत, आणि लोक आधी हसायचे आणि शेवटी तिच्या मरणाला रडायचे. तो स्वतः १९८७ मध्ये एड्सने गेला, ४४ वर्षांचा होता. हे सांगून तुम्ही काही बोलला नाहीत, नुसता एक साइड लाइट असा फिरवलात की माझी छाती, मिशी, झगा सगळं एकदम दिसेल, आणि म्हणालात आता चाल. मी चालले. तो पहिला दिवस होता, घरी जाऊन मी स्वतःशी "चालले" म्हटल्याचा.

आयोगाच्या प्रवेशात ती जी सभ्यतेची व्याख्या मागणारी नागरिक आहे ना, ती पण तुमच्यामुळेच. अमेरिकेत १९९० मध्ये सरकारी कलानिधीच्या प्रमुखाने चार परफॉर्मन्स कलाकारांचं मंजूर झालेलं अनुदान अडवलं, कॅरेन फिनली, टिम मिलर, हॉली ह्यूज, जॉन फ्लेक, चारातले तिघं क्वीअर. पैसे नंतर तडजोडीत मिळाले, पण अनुदान देताना सभ्यता विचारात घ्यायची हे कलम सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्ये ८ विरुद्ध १ अशा निकालाने कायम ठेवलं. तुम्ही विचारलंत, सभ्यता मोजायची कशात, लिटरमध्ये? आणि त्यावरून सगळा प्रवेश झाला, टेप घेऊन आलेला आयोगाचा शिपाई, सगळं.

आणि पेद्रो लेमेबेल. ह्याबद्दल मला थोडं जास्त लिहू दे. चिलीत पिनोशेची हुकूमशाही, १९८६ साल, डाव्या पक्षांची सभा, आणि हा माणूस उंच टाचांचे बूट घालून, चेहऱ्यावर विळा हातोडा रंगवून उभा राहतो आणि आपल्याच बाजूच्या लोकांना विचारतो की तुमच्या क्रांतीत माझ्यासारख्यांचं काय होणार. पुढे तो आणि फ्रान्सिस्को कासास मिळून "प्रलयकाळच्या घोड्या" अशा अर्थाच्या नावाने काम करायला लागले. १९८९ मध्ये दोघं दक्षिण अमेरिकेच्या नकाशावर बाटल्यांच्या फुटक्या काचा पसरून त्यावर अनवाणी नाचले, त्यांचा लोकनृत्याचा प्रकार, जो खरं तर जोडीने नाचायचा असतो पण ज्यांची माणसं सरकारने गायब केली त्या बायका तो एकट्याने नाचायच्या. हे तुम्ही सांगितलंत तेव्हा गोडाऊनमध्ये कुणीच काही बोललं नाही बराच वेळ.

त्यानंतर मी तो प्रवेश लिहिला ज्यात चळवळीतला मित्र नागरिकाला म्हणतो, तुझा प्रश्न महत्त्वाचा आहे पण आधी मोठा लढा होऊ दे, तू जरा मागे बस. त्या प्रवेशामुळे माझे दोन जवळचे मित्र दुखावले, एक अजून बोलत नाही. काढून टाकू का म्हणून मी तुम्हाला तीन वेळा विचारलं आणि तुम्ही तिन्ही वेळा म्हणालात, खोटं आहे का? खोटं नव्हतं. राहिला. मला आजही तो नाटकातला सगळ्यात प्रामाणिक प्रवेश वाटतो.

आता त्या रात्रीबद्दल.

तिसरा प्रयोग, आयोगाचा प्रवेश संपत आलेला, आणि मधल्या रांगेतून पाच सहा जण उठले, बंद करा, बंद करा हे, एक जण तर स्टेजच्या कडेपर्यंत आला. मी मिशी लावून झगा घालून मधोमध उभी. मला वाक्य आठवत नव्हतं, माझं नाव विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. अशा वेळी ब्लॅकआउट करतात आणि नट आत पळतात, आम्ही ठरवलंही तसंच होतं. मी ब्लॅकआउटची वाट बघत होते. तो आलाच नाही. त्याऐवजी हाऊस लाइट, म्हणजे प्रेक्षकांवरचे दिवे, हळूहळू वर यायला लागले, स्टेजचे तसेच ठेवून. अख्खी खोली उजळली. ओरडणाऱ्यांचे चेहरे सगळ्यांना दिसायला लागले, आणि त्यांना पण सगळे दिसायला लागले, शेजारी बसलेल्या आज्जी, कॉलेजची मुलं, कुणाची तरी पाच वर्षांची मुलगी. आवाज खाली आला. एकदम नाही, पण आला. दोघं निघून गेले, बाकीचे उभेच राहिले, आणि स्टेजशी आलेला तो माणूस, मला अजून कळत नाही का, पण खाली बसला.

आणि मी अजून गप्पच. किती वेळ गेला माहीत नाही. मग साहेबाच्या खुर्चीवर एक छोटा पिवळा लाइट आला. तो क्यू, म्हणजे लाइट बदलायची ठरलेली जागा, तिथे नव्हताच, तो पुढच्या प्रवेशाचा होता. तुम्ही मला सांगत होतात की जा, बस. शब्दाने प्रॉम्प्ट करणारे खूप बघितलेत, उजेडाने प्रॉम्प्ट करणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. मी चालत गेले, बसले आणि म्हणाले, "मी बसले." आणि लोकांनी जो आवाज केला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही.

नंतर मी विचारलं की भीती नाही वाटली का, तर म्हणालात हात थरथरत होते म्हणून तर इतके हळू वर नेले. इतकी वर्षं लोक मला धीट हो, घाबरू नको सांगतात. थरथरत्या हाताने काम कसं करायचं हे कुणी दाखवलं नव्हतं.

आणखी एक, आणि हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. आई पाचव्या प्रयोगाला आली. घर सोडल्यापासून आमचं बोलणं जवळजवळ नव्हतंच. ती दारातच थांबली होती, लोकांत बसायला तयार नव्हती, कुणी ओळखीचं भेटलं तर काय म्हणून. मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं, मी आत मेकअप करत होते. तुम्ही तिला बूथमध्ये नेलंत, शेजारी बसवलंत, तिथून दिसतं सगळं पण आपण कुणाला दिसत नाही. काय बोललात तिच्याशी हे तुम्ही सांगत नाही, ती पण सांगत नाही.

शेवटचा प्रवेश तुम्हाला माहितीये. आयोग एकेकाला विचारतो आलो की आले की आलं, आणि सगळे एकत्र पुढे येऊन म्हणतात, आम्ही आलो. आणि आयोगाकडे त्यासाठी रकानाच नाही, कारण "आम्ही आलो" पुरुष म्हणू शकतात, बाया म्हणू शकतात, कोणीही म्हणू शकतं, त्यातून काहीच ओळखता येत नाही. त्या वाक्यावर १२ सेकंदांचा फेड आउट. त्या दिवशी १२ सेकंद झाले, २० झाले, अर्धं मिनिट झालं, लाइट जाईचना. आम्ही सगळे तसेच उभे. लोक टाळ्या वाजवत उभे राहिले तरी लाइट पूर्ण चालू. मला वाटलं बोर्ड अडकला.

फेडर, म्हणजे लाइट कमीजास्त करायची दांडी, आईच्या हातात दिला होतात तुम्ही. हळूहळू खाली ओढा इतकंच सांगितलं होतंत, आणि तिने ओढलाच नाही. का ते मी तिला रात्री विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही सगळे अजून उभे होतात ना, मग अंधार कसा करू?"

ताई, पुढच्या महिन्यात पुन्हा प्रयोग लावतोय. केबल मी गुंडाळेन, सगळ्या. आईने फक्त एवढंच विचारायला सांगितलंय की तो शेवटचा क्यू ह्या वेळीही तिच्याकडे द्याल का.

तुमची,
मी