घाण हवा कुठून जाणार, ते आधी नकाशात दाखवा

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

माझी सगळी नोकरी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून गेली. आता निवृत्त आहे. सकाळी शिवाजी विद्यापीठाच्या आवारात फिरायला जातो. १९६२ साली माळावर उभं राहिलेलं आमचं विद्यापीठ. इथे विज्ञानाची नवी इमारत बांधायची होईल, तेव्हा आपल्याकडे एकच मागणं आहे.

मी होतो त्या कॉलेजात इमारत आधी झाली, प्रयोगशाळा मागाहून कोंबली. खिडकीत एक एक्झॉस्ट फॅन. आषाढात पश्चिमेचा वारा सुटला की बाहेर गेलेला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तसाच आत यायचा. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास. पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. म्हणून पोरं "आता वास येत नाही, सर" म्हणाली की माझ्या पोटात गोळा यायचा. एकदा एक मुलगी बेसिनपाशी मटकन खाली बसली. व्हरांड्यात आणली, पाणी दिलं, सावरली. परीक्षानळी मात्र तिनं मुठीत घट्ट धरून ठेवली होती.

हे टाळता येतं, पण नकाशातच. फ्यूम हूडचा, म्हणजे विषारी वायू ओढून घेणाऱ्या कपाटाचा, डक्ट (हवा वाहून नेणारा पाइप) थेट गच्चीवर न्यायचा आणि पंखा वरच्या टोकाला बसवायचा, म्हणजे सांधा फुटला तरी हवा डक्टमध्येच ओढली जाते, खोलीत सुटत नाही. त्यासाठी शाफ्टची, म्हणजे डक्ट वर नेण्याच्या उभ्या पोकळीची, जागा आणि मजल्याची जादा उंची पहिल्या दिवशी धरावी लागते. स्लॅब पडल्यावर भोकं पाडून ते जमत नाही. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप तळमजल्यावर, लिफ्टपासून लांब, म्हणजे त्याला हादरे बसत नाहीत. गॅसचे सिलिंडर बाहेर, जाळीत. आणि हे आवार पावसाचं पाणी अडवून तळी भरतं, तेव्हा बेसिनचं सांडपाणी पावसाच्या गटारात कुठेही मिसळता कामा नये.

खर्च कापायची वेळ आली की कात्री पहिली डक्टवर चालते, कारण तो कुणाला दिसत नाही. साहेब, दर्शनी काच कापा, ग्रॅनाइट कापा. आणि नकाशा पक्का होण्याआधी आर्किटेक्टला एक दिवस चालू प्रॅक्टिकलच्या वेळी जुन्या प्रयोगशाळेत उभं करा, पावसाळ्यात, खिडक्या बंद असताना. बरोबर कुणी लागलं तर मी येईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, कोल्हापूर