कायद्याने तू अजून खजिनदार आहेस

सोलापूर,
रविवार, रात्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

आठ महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि तुझे तीन फोन नुसते वाजू दिले, हे तू मनात नोंदवून ठेवले असणारच. कामाचे निमित्त सांगत नाही. फोन उचलला असता, तर तू पहिल्याच वाक्यात आपल्या लेझीम मंडळाची चौकशी केली असतीस आणि मला खोटे बोलावे लागले असते. मंडळाची बँकेतली मुदत ठेव मी मोडली आहे. २००९ साली तू हट्टाने करवून घेतलेली, जिच्या पाकिटावर तू लाल शाईने ‘हात लावू नये’ असे लिहिले होतेस, तीच.

माझा गुडघा आहे तसा आहे आणि साखर आटोक्यात आहे.

हिशेब तुला पाठ आहे, फक्त आकडे वाढले आहेत. हॉलचे भाडे ७,५००, दोघा हलगीवाल्यांचे ६,००० आणि लेझमीच्या चकत्या, दांडे, चहा असे किरकोळ १,५०० मिळून महिन्याला १५,००० लागतात, म्हणजे वर्षाला १,८०,०००. गणपती, शक्तिदेवी, शिवजयंती आणि आंबेडकर जयंती या मिरवणुकांचे मानधन १,१०,००० ठरले होते. त्यांपैकी ४५,००० अजून येणेच आहे. उरलेले ७०,००० दरवर्षी देणग्यांतून उभे राहत, पण यंदा टॉवेलवाल्या शेठजींनी मागणी नसल्याचे सांगून हात आखडता घेतला आणि सगळे मिळून २५,००० जमले. ९०,०००चा खड्डा पडला. २,४०,०००ची ठेव मुदतीपूर्वी मोडली, बँकेने व्याजात कात्री लावली ती लावलीच, आणि १,५०,००० पुन्हा ठेवले. ठराव मी लिहिला आणि घरोघर फिरून सह्या घेतल्या. कोणीही तो वाचला नाही, कारण वाचून सही करण्याची खोड तुझ्याबरोबर पुण्याला गेली.

मानधन बुडते कसे, हे तुला नव्याने सांगायला नको. डीजेवाला स्पीकरची भिंत उभी करण्यापूर्वी पैसे मोजून घेतो, जनरेटरवाला डिझेलचे आगाऊ घेतो, आणि आपल्याला मात्र ‘तुम्ही काय, आपलीच पोरं’ असे म्हणून विसर्जनानंतर बोलावले जाते. विसर्जनानंतर अध्यक्षांचा फोन लागत नाही. आपण आपलीच पोरे असल्याचा एवढा तोटा दुसऱ्या कोणाला झाला नसेल.

गेल्या रविवारी वार्षिक सभा झाली. लेझमीच्या ‘चार आवाज’ प्रकारात हमखास चुकणारी आणि तुझ्या शिट्टीला घाबरणारी ती मुलगी आता एका करसल्लागाराकडे नोकरीला आहे आणि तीच आपले हिशेब पाहते. तिने जमाखर्च वाचताना ‘मुदत ठेव मोडून जमा’ हे शब्द इतक्या स्वच्छ आवाजात उच्चारले की मागच्या रांगेतला चहाचा आवाजही थांबला. मास्तर हयात असते, तर १९८२च्या एशियाडला दिल्लीत सांगलीची पोरे लेझीम खेळून आली आणि सोलापूरला कोणी विचारले नाही, ही तक्रार मध्येच काढून त्यांनी मला वाचवले असते. या वेळी मला उभे राहून सगळे सांगावे लागले. सांगताना मी एकदाही ‘आपण’ म्हणालो नाही, ‘मी’ म्हणालो, एवढेच माझ्या बाजूने लिहून ठेव.

त्यानंतर हलगीवाले मामा उठले आणि ‘मला सहा महिने काही देऊ नका’ असे म्हणाले. सभेने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा मला अतोनात राग आला. ज्या माणसाच्या घरात मिरवणुकीच्या पैशांवर पुढचे दोन महिने निघतात, त्याच्या त्यागावर चारचाकीतून आलेल्यांनी टाळ्या वाजवाव्यात आणि खिशाला हात लावू नये, हे मला सहन झाले नाही. मी मामांना नकार दिला, काहीसा कठोरपणेच. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण तू २०११ साली पन्नास फेटे उधारीवर आणल्याबद्दल गणपतीपासून संक्रांतीपर्यंत माझ्याशी अबोला धरला होतास, त्यापुढे हे काहीच नाही. (फेट्यांचा रंग मात्र चांगला होता, हे तू आजवर कबूल केलेले नाहीस.)

सभेत तीन गोष्टी ठरल्या. निम्मे मानधन आगाऊ आल्याशिवाय मिरवणुकीत पाऊल टाकायचे नाही. हा निरोप घेऊन गेल्यावर एका मंडळाने ‘देवाच्या कामाला कसला अ‍ॅडव्हान्स?’ असे विचारले, तेव्हा आपल्या खजिनदारबाईंनी ‘डीजेला दिला तो कोणाच्या कामाचा होता?’ असे शांतपणे विचारले आणि पैसे घेऊनच परतल्या. दुसरे म्हणजे हॉल सोडून सराव शाळेच्या मैदानावर न्यायचा. पावसाळ्यात काय करायचे, याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

तिसरी गोष्ट लिहिताना लेखणी अडते. महिना १०० रुपये फी लावली. तू त्या काळी वीस रुपये म्हणत होतास आणि मी गिरणीच्या भोंग्यापासून सुरुवात करून, कामगारांच्या पोरांकडून पैसे घेणारे मंडळ बंद पडलेले बरे, असे भाषण ठोकले होते. त्या भाषणाची तू अजून नक्कल करतोस, असे वहिनींकडून कळते. आपल्या चौसष्ट मुलांपैकी निम्म्यांच्या आया बिड्या वळतात. त्यांतल्या एकीला मी बाजूला घेऊन, तुम्ही नाही दिले तरी चालेल, असे सांगू लागलो. तिने मनातल्या मनात शंभर रुपयांच्या बिड्या मोजल्या, हे मला दिसले. मग तिने पैसे पुढे केले आणि पावती मागितली. आपल्याकडे फीचे पावतीपुस्तकच नव्हते! वहीचे पान फाडून लिहून दिले, तर ते नीट घडी करून ठेवत तिने विचारले, ‘सर, साडेपाचची वेळ आहे ना? तुम्ही सहाला येता.’ एवढ्या वर्षांत हे मला कोणी विचारले नव्हते. आता मी सव्वापाचला मैदानात असतो, हस.

नातवाचे कळले, मनापासून अभिनंदन. पुण्याच्या घराला गळती होती, ती थांबली असेल.

आता या पत्राचे खरे कारण. कंपन्यांकडे आणि अनुदानासाठी अर्ज करायचे, तर मंडळाच्या न्यासाच्या परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीचा, ताजा उतारा लागतो. तो काढला तेव्हा खजिनदार म्हणून तुझे नाव निघाले. तू पुण्याला गेल्यावर ९० दिवसांत बदल अर्ज द्यायला हवा होता; बँकेत सह्या बदलल्या आणि धर्मादाय कार्यालयाचे माझ्याकडून राहून गेले. म्हणजे ठेव मोडली तेव्हा कायद्याने खजिनदार तूच होतास आणि तुला पत्ता नव्हता. शिव्या द्यायच्या तर समोर येऊन दे, कारण विलंबमाफीच्या अर्जासोबत तुझा राजीनामा आणि प्रतिज्ञापत्र हवे आहे, आणि तुझी सही मी करणार नाही. तेवढी एक गोष्ट अजून केलेली नाही.

१२ जानेवारीच्या आत ये. १३ तारखेला नंदीध्वज ६८ लिंगांच्या वाटेला लागले की सिद्धेश्वराच्या यात्रेत कामाला कोणी सापडणार नाही. आधार कार्ड आणि दोन फोटो आण. शेंगाचटणी घरीच कुटून ठेवली आहे, आणि कडक भाकरीही आहे. तुझे ते टोपणनाव नव्या पोरांना मी अजून सांगितलेले नाही.

तुझा,
फेटेवाला